तिसऱ्या दाराची खुंटी

पायरीला हात लावायचा नाही, असं ह्यूबर्ट पेनफोल्डने मुलाला आजवर निदान दहा वेळा बजावलं होतं. डुगडुगते ना, डुगडुगू दे. खाली दगडाची एक चीप सरकव आणि सोड. गाइल्सनेही वीस वर्षं चिपाच सरकवल्या होत्या. पण आज दुपारी तीन वाजता स्टोक मॅलर्डचं निम्मं गाव पेनफोल्डांच्या 'चौदारी' या घराच्या अंगणात येऊन बसणार होतं. भिंतीवरच्या फलकाचा पडदा ह्यूबर्टच्या हातून ओढला जाणार होता आणि मग साऱ्या म्हाताऱ्या घर बघायला आत घुसणार होत्या. त्यातली एखादी या पायरीवरून तोंडघशी पडली, तर पाथरवट पेनफोल्डांच्या पाच पिढ्यांची अब्रू तिच्याबरोबर पडेल, असं रॉझलिंड आठवडाभर कानीकपाळी ओरडत होती. म्हणून बाप खुर्च्या आणायला गावच्या हॉलकडे गेलेला बघून गाइल्सने सकाळी नऊला पायरीखाली पहार घातली.

पायरी अगदी सहज उठली आणि तेच त्याला खटकलं. खाली चुन्याचा कण नव्हता. वाळू होती, नदीतली, धुतलेली, बारीक चाळलेली. दाराची पायरी वाळूवर कोण बसवतं? कालपरवा हातोडा हातात धरलेला माणूससुद्धा बसवणार नाही. आणि ही तर आजोबांनी, ॲम्ब्रोझ पेनफोल्डने बसवलेली. चर्चच्या मनोऱ्याचे दगड बदलताना त्यांनी चुन्याच्या एका घमेल्यासाठी गड्याला कामावरून काढलं होतं, आणि स्वतःच्या दारात वाळू!

"भोवळबिवळ आली होती की काय म्हाताऱ्याला," गाइल्स पुटपुटला. त्याने पायरी ओंडक्यांवर घेतली, उलटी केली आणि झाडू फिरवला.

झाडूखालून अक्षरं वर आली. चांगली चार बोटं उंच, सरळ, कडा अजून जशाच्या तशा. वाळूने त्यांना काही होऊ दिलं नव्हतं.

*हे चार दारांचे घर या गावच्या चार गरीब विधवांचे, निरंतर. त्यांस येथून कोणी उठवू नये. सन १६५२.*

गाइल्सने ते दोनदा वाचलं. मग मान वर करून घराकडे पाहिलं. दर्शनी भिंतीत चार दारं. पहिलं उघडं, पुढची तीन दगडांनी बुजवलेली. पेनफोल्डांच्या घरात मूल बोलू लागलं की त्याला पहिली गोष्ट या दारांची सांगितली जाई. चार पेनफोल्ड भाऊ, चौघेही पाथरवट, दारातून आधी आत कोणी शिरायचं यावरून भांडले. म्हणून बापाने चौघांना चार दारं करून दिली, आणि पुढे भाऊ एक झाले तशी तीन दारं बुजवली. ही गोष्ट आजोबांची. सन १६५२ हेही आजोबांचंच. हा आकडा म्हाताऱ्याने कुठून काढला असेल, असं कोणी कधी विचारलं नव्हतं. तो इथे, रोजच्या येण्याजाण्याच्या बुटांखाली होता.

"झालं का तुझं? टेबलं मांडायची आहेत मला." रॉझलिंड हातात फुलांची बादली घेऊन आली. गाइल्सची ही थोरली बहीण, चर्चची कारभारीण. आजचा सगळा घाट तिनेच घातलेला.

"वाच."

तिने बादली खाली न ठेवताच वाचलं. तिचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग मानेपासून वर लाल होत गेला.

"पालथी घाल ती."

"रॉझ..."

"पालथी घाल म्हणते ना! निदान तीन वाजेपर्यंत."

"आजोबाही असंच म्हणाले असतील. निदान तीन वाजेपर्यंत."

"वात्रटपणा नकोय मला. पाद्रीबाई येणार आहेत, ब्रॅडनॉरहून पेपरवाला येणार आहे. आत्याच्या पुस्तकाची खोकी जेवणघरात येऊन पडलीत. पहिल्या पानावर काय आहे? चार भाऊ! फलकावर काय आहे? चार भाऊ! फलकाचा मजकूर मी लिहून दिलाय, गाइल्स, माझ्या हाताने."

"म्हणजे आता खोटं बोलायचं."

"खोटं कोण बोलतंय? खरं जरा उशिरा बोलू म्हणते. आत्या पंच्याहत्तर वर्षांची आहे. तीस वर्षं राबलीय ती या पुस्तकासाठी. तिला भर चौकात उघडी पाडणार आहेस?"

"मला कोण उघडी पाडतंय?" आतून आवाज आला. विनिफ्रेड पेनफोल्ड दारात येऊन उभी राहिली आणि पायरीच्या जागी खड्डा बघून थबकली.

गुडघ्यांनी कधीच राजीनामा दिला असला तरी विनिफ्रेड त्या दगडापाशी खाली बसली. अक्षरांवरून बोट फिरवताना क्षणभर तिला नुसता आनंद झाला, हे तिने पुढे कधीच कोणाजवळ कबूल केलं नाही. तीस वर्षं तिने चर्चच्या पेटाऱ्यातले कागद चिवडले होते. कोणाचं लग्न कधी, कोणाची गाय कोणाच्या कुरणात. पण इतकं जुनं, इतकं स्पष्ट काही तिच्या हाती कधी लागलं नव्हतं. किती सुरेख आहे हे, एवढंच तिच्या मनात आलं. मग तिने 'विधवा' हा शब्द पुन्हा वाचला आणि तिला एडना टिल आठवली.

तीन हिवाळ्यांपूर्वी विनिफ्रेडने हॉलमध्ये गावातल्या जुन्या घरांवर भाषण दिलं होतं. शेवटी 'कोणाला काही विचारायचंय?' म्हटल्यावर मागून एडना उभी राहिली. चर्चची पितळी भांडी घासणारी, गावात कुठेही काही असलं की चहा करणारी एडना. म्हणाली, माझी आजी तुमच्या घरात राहायची, मिस पेनफोल्ड. तिसऱ्या दाराच्या आत. मी सहा वर्षांची होते, मला आठवतंय. विनिफ्रेड चष्मा काढून हसली होती. "एडना, आठवण म्हणजे पुरावा नव्हे हं," असं म्हणाली होती. सगळा हॉल हसला होता. एडना खाली बसली आणि मग उठून कपबशा विसळायला गेली.

तेवढंच झालं असतं तरी पुरे होतं. पण त्यापुढेही काही झालं होतं, आणि ते विनिफ्रेडने आजवर स्वतःलाही धड आठवू दिलं नव्हतं.

"आत्या, ऊठ, गार लागेल," रॉझलिंड म्हणाली. "गाइल्स ती परत बसवतोय. सोमवारी शांतपणे बघू."

"कोण म्हणतं मी बसवतोय?" गाइल्स म्हणाला.

तेवढ्यात फाटक करकरलं. दोन्ही बगलांत एकेक खुर्ची घेऊन ह्यूबर्ट आत आला. वय ब्याऐंशी, पण खुर्च्या आपणच आणायचा हट्ट. त्याने तिघांकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. खुर्च्या अगदी हळू गवतावर ठेवल्या.

"सांगितलं होतं तुला," तो मुलाला म्हणाला. "पायरीला हात लावू नको म्हणून."

"ह्यूबर्ट." विनिफ्रेड अजून खालीच बसली होती. "तुला माहीत होतं हे?"

ह्यूबर्टने टोपी काढली. टोपी हातात घेऊन तो आपल्याच अंगणात परक्यासारखा उभा राहिला.

"ती वाळू मीच चाळली होती, विनी," तो म्हणाला.

स्वयंपाकघरात सँडविचांचा ढीग ओल्या फडक्याखाली झाकून ठेवला होता. रॉझलिंडने तो बाजूला सारला, कारण समोर बसणाऱ्याला तोंड लपवायला तेवढाही आडोसा राहू नये असं तिला वाटलं. ह्यूबर्ट टेबलाच्या टोकाला बसला. बोलताना त्याने एकदाही वर पाहिलं नाही.

"अडतीस सालचा मार्च. आपण सात माणसं दगडकामाच्या आवाराशेजारच्या दोन खोल्यांत. तुला आठवत असेल, विनी, तू दाराआड झोपायचीस. बाबा विधवांच्या घराचे विश्वस्त होते. दुसरे दोघे म्हातारे, बाबा म्हणतील तिथे सही करणारे. एव्हाना तीन दारं रिकामी झाली होती. नव्या बाया बाबांनी घेतल्याच नाहीत. तिसऱ्या दारात एक म्हातारी उरली होती. बाबांनी लिहून दिलं की छप्पर धोक्याचं झालंय, माणूस राहण्याजोगं नाही."

"झालं होतं का?" गाइल्सने विचारलं.

"तेच छप्पर आहे अजून वर." ह्यूबर्टने बोट वर केलं. "एक कौल बदललेलं नाही."

रॉझलिंडने छताकडे पाहिलं.

"ब्रॅडनॉरच्या गरीबगृहात पाठवली तिला. आपल्याच दगडाच्या गाडीतून. खाट मी उचलली. एकट्याने उचलली, इतकी हलकी होती. ती काही बोलली नाही. नुसती दाराकडे बघत बसली होती. नाताळच्या आत गेली."

"आणि आम्हाला सांगितलं, पूर्वजांचं रिकामं पडलेलं घर बाबांनी परत विकत घेतलं," विनिफ्रेड म्हणाली. "मी सतरा वर्षांची होते. मला किती आनंद झाला होता! स्वतंत्र खोली मिळाली म्हणून मी अंगणात नाचले होते."

"हा दगड तिसऱ्या दारावर होता, वेलींखाली पार झाकलेला. बाबा म्हणाले, फोडून टाकू. मोठा हातोडा घेतला, उचलला आणि खाली ठेवला. 'अशी अक्षरं मला सात जन्मांत काढता येणार नाहीत,' म्हणाले. मग मला नदीवर वाळू आणायला पाठवलं. म्हणे, चुना लागला तर कडा खाईल." ह्यूबर्टच्या तोंडातून हसण्यासारखा काहीतरी आवाज निघाला. "बाईला उठवताना त्यांचा हात थरथरला नाही. अक्षरं फोडताना थरथरला. माझाही तसाच. मी म्हटलंसुद्धा, वाळू अजून बारीक चाळू का?"

रॉझलिंडला वडिलांचा राग आला नाही, लाज वाटली, आणि रागापेक्षा ती सोसायला कठीण होती. याच माणसाने तिला लहानपणी दुकानातून नकळत आलेली एक जादा पेन्सिल परत द्यायला पावसातून पाठवलं होतं.

"तुम्ही त्या दिवशी हॉलमध्ये होतात, बाबा," ती म्हणाली. "एडना बोलली तेव्हा. पहिल्या रांगेत."

"होतो."

"काय केलंत?"

"बिस्किट खाल्लं," ह्यूबर्ट म्हणाला. "हातात होतं. ते खाऊन टाकलं."

गाइल्स खिडकीपाशी गेला. बाहेर भिंतीवर निळं कापड लावून फलक झाकलेला होता. त्याच्या डोक्यात आता कुठे सगळं नीट बसू लागलं होतं. ऑक्टोबरात तो बायकामुलांसह इथे राहायला येणार होता. मुलीने आपली खोलीही ठरवून टाकली होती. वरच्या मजल्याचे पडदे शिवून तयार होते.

"म्हणजे हे घर आपलं नाहीच," तो म्हणाला.

"निरंतर म्हटलंय त्यावर," विनिफ्रेड म्हणाली. "निरंतर म्हणजे निरंतर."

गाइल्स खिडकीपासून वळला. मग घसा साफ करून म्हणाला, "रॉझ म्हणत होती त्यात तसं चूक काही नाही. आज एवढी माणसं येतायत... मी पायरी बसवून टाकतो. नंतर वकिलाला विचारून, नीट, रीतसर..."

स्वतःचेच शब्द रॉझलिंडने भावाच्या तोंडून ऐकले. ते इतके घाणेरडे असतील असं तासाभरापूर्वी तिला वाटलं नव्हतं.

"नाही," ती म्हणाली.

"आत्ता तूच तर..."

"मी म्हटलं होतं. चूक म्हटलं होतं. अंगणात तू मोठा हरिश्चंद्र झाला होतास, आणि घराचं नाव निघताच गार पडलास होय रे?"

"तुला बोलायला काय जातंय! तुझं घर टेकडीवर आहे, तुझ्या नावावर!"

"भांडू नका," विनिफ्रेड म्हणाली. "थांबा. माझंही सांगायचं राहिलंय."

तिचा आवाज इतका बारीक होता की दोघंही वळले.

"त्या दिवशी एडना आणखी एक बोलली होती. सगळे हसत होते, तुम्ही ऐकलं नसेल. म्हणाली, तिसऱ्या दारातून आत शिरलं की डाव्या हाताला एक खुंटी आहे. लोखंडी, टोकाला वळलेली, अगदी खाली. आजी ठेंगणी होती, तिची टोपी तिथे असायची." विनिफ्रेडने कोठीच्या खोलीकडे पाहिलं. तिसरं दार बुजवल्यावर आतल्या जागेची कोठी झाली होती. लोणची-मुरंबे, हॅम, बटाटे. "त्या खुंटीला मी पंचावन्न वर्षं चाळण अडकवत होते. रोज. वाकून."

गाइल्सचं तोंड उघडं राहिलं. "आत्या, ती खुंटी तर..."

"तुझ्याच हातून उपटवून घेतली. भाषणाच्या दुसऱ्या दिवशी."

"तू म्हणालीस, बाही फाटते म्हणून!"

"कधीच फाटली नाही." विनिफ्रेडने चष्मा काढला, आणि आता तिला कोणाचेच चेहरे दिसत नव्हते, ते बरं वाटलं. "मी घरी आले, कोठीत गेले, दिवा लावून खुंटीकडे बघत राहिले. तिच्याकडे मी पुरावा मागितला होता आणि तो माझ्याच कोठीत होता. आणि मी काय केलं? भोक बुजवून वर चुना मारून घेतला. मी, जिने शाळेच्या पोरांना सांगितलं की जुन्या भिंतीतला एक खिळाही काढू नका. ह्यूबर्ट, तू वाळू चाळलीस. निदान जपलंस तरी. मी पुसूनच टाकलं."

ह्यूबर्टने पहिल्यांदा वर पाहिलं. अठ्ठावन्न वर्षं बहीणभाऊ एका छपराखाली राहिले होते, एका किटलीतला चहा प्यायले होते, आणि दोघांनीही एकमेकांपासून एकच गोष्ट लपवली होती.

"मला सांगायचं होतंस, विनी," तो म्हणाला.

"तूही सांगायचं होतंस," विनिफ्रेड म्हणाली.

अडीच वाजता एडना टिल हॉलमधल्या कपबशांचं खोकं घेऊन नेहमीसारखी मागच्या वाटेने आली. मागचं दार कधी नव्हे ते आतून लावलेलं होतं, म्हणून ती वळसा घालून पुढे आली. आजवर पेनफोल्डांपैकी कोणी तिला पुढच्या बाजूने येताना कधी पाहिलं नव्हतं. ओंडक्यांवर दगड होता, अक्षरं आभाळाकडे करून. कारण दुपारभर वाद घालूनही तो पालथा घालायला कोणाचे हात पुढे झाले नव्हते.

एडनाने खोकं गवतावर ठेवलं, एप्रनच्या खिशातून चष्मा काढला आणि वाचलं. चौघं दारात उभी होती. पायरी नसल्यामुळे उतरताही येईना आणि आत जायची हिंमत होईना.

"एडना," रॉझलिंडने सुरुवात केली, "आज सकाळी आम्हाला..."

"वाचतेय मी," एडना म्हणाली.

वाचून झाल्यावर तिने चष्मा घडी करून खिशात टाकला. ती रडली नाही. रडली असती तर त्यांना सोपं गेलं असतं.

"एडना, मला तुझी क्षमा..." विनिफ्रेड म्हणाली.

"खुंटी कुठे आहे?"

विनिफ्रेडने मागे कोठीकडे पाहिलं.

"दगडाचं मला ठाऊक नव्हतं," एडना म्हणाली. "तेव्हा मला वाचता येत नव्हतं. पण खुंटी मला ठाऊक आहे. दाखवा. तीन वर्षं मी विचार करतेय, माझ्याच डोक्यात तर नाही ना ती? माझी बहीणसुद्धा म्हणायला लागली, एडना, तुला स्वप्न पडलं असेल."

गाइल्स खड्ड्यावरून उडी मारून उतरला आणि रस्ता ओलांडून आपल्या आवारात गेला. पाथरवटाच्या आवारात काही फेकून देत नाहीत. जुनं लोखंड तर नाहीच. कधीतरी कामाला येईल म्हणून डब्यात पडून राहतं. तो परत आला तेव्हा त्याच्या हातात एक काळी, वीतभर लांब, टोकाला वळलेली खुंटी होती. एका बाजूला अजून चुना लागलेला होता.

"मी काढली, एडना. मला माहीत नव्हतं कशासाठी ते."

"आणि काढायला मी सांगितलं," विनिफ्रेड म्हणाली. "मला माहीत होतं."

एडनाने खुंटी घेतली. नखाने चुना खरवडला. मग ती विनिफ्रेडकडे इतका वेळ बघत राहिली की ह्यूबर्टने मान फिरवली.

"विनिफ्रेड," एडना म्हणाली. साठ वर्षांत या गावात तिने मिस पेनफोल्डला कधी नावाने हाक मारली नव्हती. "तुझ्यात आणि माझ्यात एकच फरक आहे. तुला पुस्तक लिहिता येतं. आता लिही."

तिने खुंटी एप्रनच्या खिशात टाकली. मग एप्रनच सोडला, खुंटी काढून हातात घेतली आणि एप्रन कपबशांच्या खोक्यावर घडी करून ठेवला.

"चहा मी करणार नाही आज," ती म्हणाली. "कोणी करायचा ते तुमचं तुम्ही बघा."

पहिल्या रांगेतल्या खुर्च्या घरच्यांसाठी राखलेल्या होत्या. एकीवर रॉझलिंडची पर्स होती. रॉझलिंडने पुढे होऊन ती उचलली. एडना तिथे बसली.

तीन वाजता अंगण भरलं. माणसं टोप्या सावरत बसली आणि दारातला खड्डा बघून कुजबुजली. चहाच्या टेबलामागे मिस विनिफ्रेड पेनफोल्ड एडनाचा एप्रन घालून उभी होती आणि मोठ्या भांड्याची तोटी तिला उघडता येत नव्हती, यावरही कुजबुज झाली. "एडनाला बरं नाही का?" कोणीतरी विचारलं. "बरी आहे की, ती बघा पुढे बसलीय." "पुढे? का?"

पाद्रीबाई चार शब्द बोलल्या, गावाच्या वारशाबद्दल, पेनफोल्ड घराण्याच्या हाताबद्दल. टाळ्या वाजल्या. ह्यूबर्ट उठला.

पडद्याची दोरी त्याच्या हातात दिली गेली. अठ्ठावन्न वर्षांत रोज या दारातून जाताना त्याने पाऊल पायरीच्या डाव्या टोकावर ठेवलं होतं, कधी मधोमध नाही. हे त्याच्याही आत्ताच लक्षात आलं. त्याने दोरी सोडून दिली. कापड भिंतीवर तसंच राहिलं.

"हे घर चार भावांनी बांधलेलं नाही," तो म्हणाला. "आमच्या घराण्यात असे चार भाऊ झालेच नाहीत."

मागे कोणीतरी हसलं. म्हाताऱ्याने थट्टा केली असं त्यांना वाटलं. ह्यूबर्टने ते हसणं थांबू दिलं. मग त्याने ओंडक्यांवरच्या दगडाकडे हात केला आणि त्यावर जे लिहिलं होतं ते तोंडपाठ म्हणून दाखवलं. तो दगड पालथा कोणी घातला तेही सांगितलं, गरीबगृहात कोणाला पाठवलं तेही, आणि छपराचंही. हॉलमधल्या बिस्किटाचंसुद्धा सांगितलं. पेपरवाल्याने वही उघडली होती, पण तो लिहीत नव्हता. चेहरा लालबुंद झालाय हे ह्यूबर्टला कळत होतं. आपण उन्हात उभे आणि माणसं आपल्याकडे बघतायत हे त्याला सोसत नव्हतं, आणि बसावं कुठे तेही कळत नव्हतं.

"या घरातल्या तिसऱ्या दाराच्या बाईला मी उठवली," तो म्हणाला. "तिच्या घरात मी अठ्ठावन्न वर्षं जेवलो. आणि..."

तो अडखळला. पुढचं वाक्य त्याने ठरवलं होतं, पण त्यात एक जागा रिकामी होती. ती आजवर रिकामी आहे, हे त्याला भरल्या अंगणात, सगळ्यांसमोर समजलं. त्याच्यालेखी ती नुसती म्हातारी होती. ती 'टिल म्हातारी' होती. तिची खाट त्याने उचलली होती, तिचा हात धरून तिला गाडीत चढवलं होतं.

तो पहिल्या रांगेकडे वळला.

"मिस टिल," तो म्हणाला. आजवर तो तिला एडना म्हणत आला होता. "तुमच्या आजीचं नाव काय होतं? मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही."

एडना उठली नाही. खुंटी तिच्या मांडीवर, दोन्ही हातांखाली होती.

"केझिया," ती म्हणाली. "केझिया टिल."

ह्यूबर्टने मान हलवली आणि नाव पुटपुटत घेतलं.

"मागच्यांना ऐकू आलं नाही," एडना म्हणाली.

ह्यूबर्ट पेनफोल्डने डोक्यावरची टोपी काढली आणि ते नाव पुन्हा घेतलं, यावेळी फाटकाजवळ उभे असलेल्यांपर्यंत पोचेल एवढ्या मोठ्याने.